ताकदीची गोळी

मामांना दुकानातली प्रत्येक गोळी नावानिशी ठाऊक होती. कुठली कुठल्या कप्प्यात, कुठली उपाशीपोटी, कुठली घेतल्यावर गाडी चालवायची नाही, सगळं तोंडपाठ. आपल्यालाच काय होतंय, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. चार महिने झाले तरी घोळ सुटत नव्हता.

चौकातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे असतात ते मामा. दुकान मालकांचं, गिऱ्हाईक मामांचं. फार वर्षांपूर्वी त्यांचा भाचा काउंटरवर बसून मामा, मामा करायचा. भाचा मोठा होऊन परगावी गेला, नाव मागे राहिलं. आता त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणतात. एकतीस वर्षांत कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते मामांना शेजाऱ्यांच्या आधी कळत आलं, पण त्यांच्या तोंडून अवाक्षर बाहेर पडलं नाही. मालक म्हणतात, या माणसाच्या पोटात अख्खी वस्ती मावते आणि तरी ढेकर येत नाही.

दुकानासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत आणि दुसऱ्यावर मनाचे. जिना एकच. त्यामुळे त्या वस्तीत दातदुखी फार. चांगली धडधाकट माणसं गालावर हात ठेवून जिना चढताना दिसतात आणि पहिला मजला आला की इकडेतिकडे बघून पुढे सटकतात. कुणी विचारलंच तर, ‘अहो, अक्कलदाढ.’ साठीच्या माणसालाही अक्कलदाढ. दातांच्या डॉक्टरांना याचं कधी वाईट वाटलं की नाही, कोण जाणे.

वरून खाली आलेली चिठ्ठी मामांच्या हाती पडायची. मामा ती अर्धवट दुमडूनच वाचायचे. मग आत जाऊन कात्रीने गोळ्यांच्या पट्टीवरची नावाची कड कापायची, पट्टी खाकी पाकिटात सारायची आणि वर वळणदार अक्षरात लिहायचं: ‘ताकदीची गोळी. रोज एक, जेवणानंतर.’ ही पद्धत त्यांनी एका सुनेसाठी सुरू केली होती. नवीन लग्न झालेली, डोळे सुजलेले. ‘मामा, सासूबाईंच्या हाती लागलं तर मला माहेरी पाठवतील हो,’ म्हणाली. मामांनी पेन काढलं आणि सुचेल ते लिहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून मामांना वाटलं, आपण एक घर वाचवलं. पुढे एकीचं दुसरीला कळलं, दुसरीचं तिसऱ्याला, आणि ताकदीच्या गोळ्यांचा खप वाढला. हे कायद्यात बसत नाही, हे मामांना कळत होतं. पण कायद्याने कुणाची सासू पाहिलेली नसते.

फक्त एकदा त्यांना कोडं पडलं होतं. चष्मेवाले दर महिन्याला पाकीट न्यायचे, एका महिन्यात ते दोन दिवस आधीच आले. म्हणाले, ‘दोन गोळ्या कमी भरल्या मामा, मोजण्यात चूक झाली असेल तुमची.’ मामांची मोजण्यात चूक होत नाही. त्याच आठवड्यात चष्मेवाल्यांची बायको टॉनिक मागायला आली. पोरगा ऐन वार्षिक परीक्षेत पेपरवर डोकं ठेवून झोपला होता, लागोपाठ दोन दिवस. ‘अभ्यासाने थकला असेल,’ म्हणत मामांनी तिला महागातलं टॉनिक दिलं. दोन गोळ्या गेल्या कुठे, हे मात्र त्यांच्या डोक्यात बरेच दिवस कुरतडत राहिलं. मग विसरले.

आणि आता हे. एका साध्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, खोकल्याचं औषध कागदात गुंडाळताना मामांच्या छातीत कुणी ओलं फडकं पिळावं तसं झालं. हातपाय गार पडले. काउंटर, गिऱ्हाईक, फळ्यांवरच्या बाटल्या, सगळं लांब गेलं. मरतोय आपण, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि दहा मिनिटांनी ते मेले नव्हते. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस सुट्ट्या पैशांची वाट बघत उभा होता.

मग ते पुन्हा झालं. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. घरच्यांनी निदान करायला वेळ लावला नाही. बायको म्हणाली, ‘डबा अर्धा परत येतो, पित्त झालंय तुम्हाला.’ मेहुणा म्हणाला, ‘गॅस. भाऊजी, माझं ऐका, सकाळी माझ्याबरोबर चालायला या.’ फोनवर थोरली बहीण म्हणाली, ‘वय झालं रे. आपल्या घरात असलं तसलं काही नाही हो कुणाला.’ असलं तसलं म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. त्यांनी पित्ताचं औषध घेतलं. ते मेहुण्याबरोबर चालायलाही गेले; पण मेहुणा वाटेत स्वतःच्या बायपासची हकीकत सुरुवातीपासून सांगायला लागला आणि मामांना तिथेच, बागेच्या फाटकापाशी, फडकं पिळल्यासारखं झालं.

शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला. लांब कागद हातात धरून म्हणाले, ‘मामा, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन या एकदा.’

मामा घरी आले ते पार गोंधळून. हृदय चांगलं, मग मरतं ते कोण? आनंद व्हायला हवा होता, तो होईना. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली. मेहुण्याच्या बायपासला लोक महिनाभर फळं घेऊन येत होते, घरात टोपल्या ठेवायला जागा उरली नव्हती. याला लोक काय घेऊन येतील? हा आजार आहे की नाटक? की थोरली म्हणते तसं वय? ज्या माणसाने शेकडो माणसांना ‘घ्या, बरं वाटेल’ म्हणून पाकिटं दिली, त्याला स्वतःच्या बाबतीत त्यातलं एक अक्षर खरं वाटेना.

एका दुपारी मात्र विचार करायची सोय उरली नाही. निवृत्त बाई आल्या. याच वस्तीतल्या शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना शिकवलं होतं, आणि आता त्या हृदयाच्या ठोक्यांसाठी एक बारीकशी गोळी घेत होत्या. मामांनी चिठ्ठी चारदा वाचली. हल्ली ते सगळं चारचारदा वाचत. तरी पट्टी दिली ती चौपट ताकदीची. बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या तेव्हा मामांना ते उमगलं. ‘बाई, एक मिनिट,’ म्हणत ते धावले, पट्टी बदलली, ‘ही जुन्या तारखेची होती’ असं काहीतरी म्हणाले. बाईंनी आभार मानले. मामा आत जाऊन औषधांच्या खोक्यावर बसले. बाई चौथ्या पायरीवर असत्या तर? वळणापलीकडे असत्या तर?

म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जायलाच हवं. पण काउंटरवरचा माणूसच तसल्या गोळ्या खातो म्हटल्यावर त्याच्या हातून औषध घेईल कोण? मालक ठेवतील का? आणि हे काम सोडून मामांना दुसरं येत होतं काय?

गालावर हात ठेवून मामा जिना चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाकांवर पाच माणसं होती आणि पाचही त्यांची गिऱ्हाइकं. पाची जणांनी आधी मान खाली घातली. मग इस्त्रीवाल्याने वर बघितलं आणि हायसं वाटल्यासारखा म्हणाला, ‘मामा, औषधं पोचवायला आलात होय?’

‘हो, हो,’ मामा म्हणाले. त्यांनी गालावरचा हात काढला. रिकामे हात बघून पुढे म्हणाले, ‘म्हणजे, काय काय हवंय ते विचारायला.’ आणि खरंच, टेबलामागच्या बाईंकडून कापूस, सुया आणि पट्ट्यांची यादी लिहून घेऊन ते खाली आले. संध्याकाळी यादीतला माल पोचवलाही. बिल मालकांना दाखवलं, तेव्हा मालक म्हणाले, ‘वा मामा, धंदा वाढवताय.’

दुसऱ्या वेळी मामा खोका घेऊनच गेले, वर चिकटपट्टी लावलेला. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, ‘औषधवाले आलेत, त्यांना आधी सोडा.’ रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून मामा आत गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कात्रीने चिकटपट्टी कापली, खोका उघडला, आत बघितलं आणि मामांकडे बघितलं.

‘यात काहीच नाही.’

‘नाही,’ मामा म्हणाले. ‘मीच आहे.’ आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पोटातलं बाहेर आलं. वस्तीचं नव्हे, त्यांचं स्वतःचं.

डॉक्टरांनी पाऊण तास ऐकलं. मग म्हणाले, याला नाव आहे. धास्तीचा आजार, बऱ्याच जणांना होतो, उपचार आहे. चिठ्ठी लिहिली. ‘पहिले काही दिवस झोप फार येईल, म्हणून दुपारच्या जेवणानंतर नको, रात्रीच घ्या. आणि घरी सांगा.’ मामा म्हणाले, ‘सांगतो.’

नाव मिळालं म्हणजे गोंधळ मिटायला हवा होता. उलट वाढला. मामांनी दुकानात येऊन स्वतःचीच चिठ्ठी दुमडून वाचली. गोळी ओळखीची होती. वर्षानुवर्षं कड कापून दिलेली. हात आपोआप चालले. कात्री, कड, खाकी पाकीट, पेन. घरी जाईपर्यंत बायकोला सांगायचं ठरत होतं, दार उघडेपर्यंत फिसकटलं. तिच्या अंगाखांद्यावर शेजारपाजारची पोरं होती. ती घरातच पाळणाघर चालवते. त्या दिवशी पाच मुलं होती, त्यातल्या दोघांना सर्दी. मामांनी पाकीट स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं.

‘हे काय?’ तिने विचारलं.

‘वाच की. लिहिलंय वर,’ मामा म्हणाले.

तिने वाचलं. ‘बरं झालं. किती उतरलाय चेहरा तुमचा.’

सहा दिवस गेले. मामांना जरा बरं वाटतंय असं वाटत होतं, आणि हे खरं की भ्रम, याचा त्यांना निकाल लागत नव्हता. सातव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दुकानात फोन आला. पाळणाघरातल्या एका मुलीची आई. ‘मामा, काकू दार उघडत नाहीत हो. आत मुलांचा आवाज येतोय. मी कधीची कडी वाजवतेय.’

घर दोन गल्ल्या पलीकडे. मामा पळत गेले. दारात तीन आया उभ्या होत्या. किल्ली कुलपात शिरेपर्यंत मामांना तीन जन्म गेल्यासारखं वाटलं. आत पाचही मुलं धडधाकट होती. त्यांनी पिठाचा डबा जमिनीवर रिकामा केला होता आणि त्यात ती मन लावून रस्ते काढत होती. सतरंजीवर मामांची बायको गाढ झोपली होती. मुलांनी तिच्या पोटावर बाहुलीचं पांघरूण घातलं होतं, आणि उशाशी कुणीतरी दुधाची बाटली ठेवली होती.

‘काकू निजल्यात,’ सगळ्यात मोठी, चार वर्षांची, म्हणाली. ‘आम्ही आवाज नाही केला.’

मामांनी हाक मारली. तिने डोळे अर्धे उघडले, ‘अहो, पोरांना खायला द्या,’ म्हणाली आणि पुन्हा मिटले. मामा स्वयंपाकघरात गेले. पाकीट उघडून मोजलं. सहाऐवजी सात गेल्या होत्या. त्यांची मोजण्यात चूक होत नाही.

‘काय झालं काकूंना?’ एका आईने विचारलं.

‘ताकदीची गोळी घेतली बहुतेक,’ मामा म्हणाले. तोंडाला सवयच ती.

‘ताकदीच्या गोळीने झोप?’

आणि मामांच्या डोळ्यांसमोर चष्मेवाल्यांचा पोरगा आला, पेपरवर डोकं टेकून झोपलेला. आईने मोठ्या प्रेमाने सकाळी जेवू घालून ताकदीची गोळी दिली असणार. दोन दिवस, दोन गोळ्या. पोरगं नापास झालं होतं त्या वर्षी. मामांनी वर टॉनिक विकलं होतं. अशी किती घरं? किती फळ्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरातली पाकिटं?

आया आपापली मुलं घेऊन गेल्या. त्यातली एक जाताना ‘उद्याचं कळवते’ म्हणाली. मामांनी डॉक्टरांना फोन केला. एकच असेल तर झोपू द्या, लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. मामा पीठ भरत बसले आणि दर पाच मिनिटांनी तिचा श्वास बघत राहिले. सात वाजता ती उठली.

‘बाई बाई, पोरं?’

‘गेली घरी. सगळी ठीक आहेत.’ मामा तिच्याजवळ सतरंजीवर बसले. ‘ती गोळी का घेतलीस तू?’

‘गळल्यासारखं होतंय हल्ली. म्हटलं, तुम्हाला मानवतेय तर मीही घ्यावी. ताकदीचीच ना? तुम्हीच लिहिलंय.’

मामांनी सांगितलं. बागेच्या फाटकापासून रिकाम्या खोक्यापर्यंत, निवृत्त बाईंच्या पट्टीसकट सगळं. ती पदराला लागलेलं पीठ झटकत ऐकत होती. मामा थांबले तरी झटकतच होती.

‘लोकांचं झाकलंत ते झाकलंत,’ ती शेवटी म्हणाली. ‘मी काय गिऱ्हाईक आहे तुमचं?’

तिने डोळे पुसले, उठून चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, ‘थोरल्या वन्सना मात्र सांगू नका. उगाच गावभर होईल.’ आता तिला राग आलाय की नाही, हेही मामांना कळेना.

दुसऱ्या दिवशी मामांनी एवढं एकच ठरवून दुकान उघडलं: कड कापायची नाही आणि खोटं लिहायचं नाही. पहिलीच चिठ्ठी पोस्टातल्या बाईची आली. दोन वर्षं न चुकता पाकीट नेणारी, कमी बोलणारी बाई. मामांनी पट्टी अख्खी, नावासकट काउंटरवर ठेवली.

‘पाकीट?’ तिने हलक्या आवाजात विचारलं.

‘पाकिटाने घोटाळे होतात, ताई. घरात कुणी चुकून घेतलं तर? नाव असलेलं बरं.’

तिने पट्टीकडे बघितलं, मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. ‘मग राहू द्या,’ म्हणाली आणि पट्टी तिथेच टाकून चालायला लागली.

मामा उभेच राहिले. खरं बोललं तर हे असं, खोटं बोललं तर ते तसं. माणसाने करायचं काय? त्या बाईने दोन वर्षांपूर्वी पहिली चिठ्ठी आणली होती तेव्हा तिचं मनगट पट्टीने बांधलेलं होतं, हे वस्तीत फक्त मामांना माहीत होतं. ती गोळ्यांशिवाय गेली तर किती दिवस निभेल, याचा त्यांना अंदाज होता. त्यांनी पट्टी उचलली आणि काउंटरची फळी वर करून बाहेर धावले.

ती पायऱ्या उतरून फुटपाथवर पोचली होती. ‘ताई, घेऊन जा. मीही हीच घेतो,’ मामा म्हणाले. नेमकी तेव्हाच बस गेली आणि तिच्या आवाजात ते बुडालं. ती वळून म्हणाली, ‘काय?’

मामांनी श्वास घेतला. ‘हीच गोळी मीही घेतो. आठ दिवस झाले. वरच्याच डॉक्टरांची.’

या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं. पायऱ्यांवर निवृत्त बाई उभ्या होत्या, मागे इस्त्रीवाला होता, दारात मालक आले होते. पोस्टातली बाई मामांकडे बघत राहिली, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी. मग दोन पायऱ्या परत चढून आली.

‘पण पाकिटात घाला,’ ती म्हणाली.

मामांनी आत जाऊन पट्टी पाकिटात घातली. वर लिहायला पेन उघडलं आणि अडले. मग लिहिलं: ‘फक्त तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणीही घेऊ नये.’ तिने वाचलं, पिशवीत ठेवलं आणि गेली. मालक गल्ल्यावर जाऊन बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मामांना काही कळेना, आणि वर बघायचा धीरही होईना.

निवृत्त बाई पायरी चढून काउंटरपाशी आल्या. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली, हाताने सरळ केली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली.

‘माझ्या ठोक्यांच्या गोळ्या संपल्यात, मामा,’ त्या म्हणाल्या. ‘सावकाश द्या. मला घाई नाही.’

मामांनी चिठ्ठी हातात घेतली आणि वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, आणि गोळ्या आणायला आत गेले.